हंबीररावांना एजंट का नको होता

वरच्या दोन खोल्या दिवाळीपासनं रिकाम्या होत्या आणि माझ्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळी उठलं की दारात, दारातनं गेटपाशी, गेटपासनं परत जिन्याखाली. कान सगळा वर. पण वर कोण चालत न्हाय, भांडं पडत न्हाय, नळ सोडत न्हाय. मग मीच गुडघं धरत जिना चढायची, रिकाम्या खोल्या झाडायची आणि खाली यायची. रिकाम्या खोल्यांत झाडायला काय असतंय? तरी झाडायची.

आमचं घर फुलेवाडीत. खाली आम्ही दोघं, वर भाडोत्री. पोरगा विश्वजित पुण्याला असतोय. ह्यांचं नाव हंबीरराव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात, पण आता ह्या वयात घेतलं तर काय आभाळ कोसळणार हाय? हे एस.टी.त कंट्रोलर होते. सगळी हयात स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली, त्यामुळं घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळतंय. रिटायर झाल्यापासनं न्याहारी केली की हातकणंगल्याला रानात जात्यात, न्हायतर रंकाळ्यावर दोस्तांच्या घोळक्यात बसत्यात. घरी येत्यात ते जेवायला आणि झोपायला.

मग दिवसभर घरात कोण? मी आणि वरचा भाडोत्री. भाड्याचं काय घेऊन बसलाय, ह्यांची पेन्शन हाय, रानाचं येतंय. मला माणूस पायजे होतं. दारातनं जाता-येता ‘माई, काय चाललंय’ म्हणणारं.

मी मूळची शाहूवाडीकडची. आमच्याकडं एका घरात कालवण शिजलं की चार घरांत वाटी जायची. ती माझी सवय काय सुटली न्हाय, आणि मी सोडणारबी न्हवते. वर कोणबी राहायला येऊ दे, माझ्या भाजीची वाटी वर गेली न्हाय असा दिवस क्वचित.

आधी इरावती होती. जयसिंगपूरची, इथं कॉलेजात शिकवायला. लई गोड पोरगी. सुट्टीला गावाकडं जाऊन आली की माझ्या वाटीत भडंग भरून परत द्यायची. ती गेली. मग सौमित्र आणि भैरवी आले, नवीन लग्न झालेलं, दोघंबी बँकेत. तीबी गेली. का गेली? आमच्या ह्यांच्या तोंडानं गेली! भैरवीनं जाताना डोळ्यांत पाणी आणून मला सांगितलं, “माई, काकांचा आवाज आता सहन होत नाही.” त्याच सकाळी ह्यांनी टाकी भरून वाहिली म्हणून जिन्याखाली उभं राहून असा दंगा घातलता, की समोरचा सलूनवाला गिऱ्हाईक अर्धं सोडून बाहेर आला. मी कितीतरी दिवस ह्यांच्याशी बोलले न्हाय. गल्लीत ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, न्हाय विचारलं त्यालाबी सांगितलं: माझ्या नवऱ्याच्या जिभेनं माझं घर रिकामं पाडलं.

विश्वजितला फोनवर हेच सांगत बसले होते तर तो म्हणाला, “आई, सरळ एजंटला दे की. माणूस तो आणणार, करार तो करणार, टाकी वाहिली तरी भाडोत्री त्यालाच फोन करणार. बाबांनी मधी बोलायचंच न्हाय.”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

संध्याकाळी हे हात-पाय धुऊन जेवायला बसले तसं मी विषय काढला. हे असे उसळले, जसं काय मी रान विकायला काढलंय.

“एजंट? आपल्या घरात माणूस ठेवायला तिसरा कशाला?”

“ठेवायला न्हवं, टिकवायला. तुमच्या तोंडापुढं कोण टिकतंय?”

हे गप्प बसले. भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसले. तिथंच मला वास यायला पायजे होता. हंबीरराव आणि गप्प? पण मी आपली तावात होते, मला वाटलं जिंकले.

“मी बघतो माणूस,” शेवटी म्हणाले. “एजंट नको म्हणजे नको. तेवढं माझं ऐक.”

आणि खरंच बघायला लागले. गेटला पाटी लावली. पण बघायची रीत बघा! एक नवरा-बायको आले, दोघं दवाखान्यात कामाला, माणसं नीटनेटकी. ह्यांनी ना त्यांना गाव विचारलं ना नोकरी. त्या बाईला विचारत्यात काय, “दिवसभर घरात कोण असतंय? सैपाक रोज करता का? गोडधोड येतंय का करायला?”

तो नवरा म्हणाला, “पावणं, आम्ही खोली बघायला आलोय का पोरगी दाखवायला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेली ती माणसं. नंतर परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं आली, त्यांना गेटमधनंच वाटेला लावलं. “मेसचा डबा खाणारी नकोत.” मग एक म्हातारं जोडपं आलं. त्या आजीबाईंनी ‘मी पुरणपोळ्या अजून स्वतः लाटते’ म्हटल्याबरोबर हे एवढे खूश झाले, की त्यांच्यासाठी जिन्याला कठडा करतो म्हणाले. पण त्यांना जिनाच चढवंना. आजोबा चार पायऱ्यांवर बसले ते उठायला तयार न्हाईत.

माझं डोकं उठलं. म्हटलं ह्या माणसाला घर भाड्यानं द्यायचंच न्हाय. हे रानात गेले आणि मी विश्वजितकडनं एजंटचा नंबर घेतला. चोरून. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या पाठीमागं काय केलं असंल तर ते हे.

एजंट म्हणजे बाईच निघाली. क्रांती नाव. तिशी उलटलेली, गाडीवरनं हेल्मेट घालून आली, आणि आल्या आल्या चपला काढून आधी वर गेली. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून बघितल्या, भिंतीवर हात फिरवला. खाली येऊन म्हणाली, “माई, घर झ्याक हाय. रिकामं का पडलंय मग?”

मी सगळं सांगितलं. ह्यांचा आवाज, टाकी, सलूनवाला, सगळं.

“आधीच्या भाडोत्र्यांचे नंबर द्या,” ती म्हणाली. “घर हातात घ्यायच्या आधी मी त्यांना फोन लावते. मालक काय सांगायचं ते सांगत्यात, पण उद्या माझं माणूस पळून गेलं तर नाव माझं खराब होतंय.”

“लाव की! खुशाल लाव. आमच्या ह्यांच्याबद्दल काय काय सांगतील ते सगळं लिहून आण. मला काय वाईट वाटणार न्हाय.”

नंबर दिले आणि ती निघाली तसं तिला हरभऱ्याच्या डाळीचे चार लाडू डब्यात घालून दिले. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, “गप. डबा द्यायच्या निमित्तानं परत येशील.”

त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगून टाकलं. मला लपवायला जमतच न्हाय. वाटलं आता घर डोक्यावर घेत्यात. तर हे पांढरे पडले.

“फोन लावणार म्हणाली? भैरवीला?”

“आणि इरावतीला.”

ताटावरनं उठले. जेवण अर्धं. अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. दुसऱ्या दिवशी रानात गेले न्हाईत, रंकाळ्यावर गेले न्हाईत, गेटपाशी खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशीबी तेच. रस्त्यावर कुठली बाई गाडीवरनं दिसली की उठायचे. मी आतनं बाहेर, बाहेरनं आत. हे खुर्चीतनं गेटपर्यंत, गेटपासनं खुर्चीपर्यंत. दोघांच्या जिवाला चैन न्हाय. मी मनात म्हटलं, भ्यालाय आता गडी. स्वतःच्या तोंडाची ख्याती बाहेर येणार म्हणून भ्यालाय. येऊ दे, चांगलं येऊ दे.

क्रांती आली तेव्हा मी आत मेथी निवडत होते. गाडी थांबल्याचं ऐकलं, गेटची कडी ऐकली. आणि मग काय ऐकू येईना. मी उठून खिडकीशी गेले. बघते तर हे तिच्यासमोर उभे, मान खाली घातलेली, आणि कुजबुजत होते. कुजबुजत! लग्न होऊन एवढी वर्षं झाली, ह्या माणसाला हळू बोलता येतंय हे मला ठाऊक न्हवतं. हातातली मेथी तशीच घेऊन मी बाहेर गेले.

“काय कुजबुज चाललीय?”

“काय न्हाय, काय न्हाय,” हे म्हणाले. “ती म्हणतीय माझं तोंड वाईट हाय. खरंच हाय की ते. तिला घर जमत न्हाय, जाऊ दे तिला.”

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. “काका, मला माफ करा, मी खोटं बोलून धंदा करत न्हाय. माई, तुमचा डबा.” डबा माझ्या हातात दिला. जड होता. झाकण काढलं तर आत पेढे.

“अगं, हे कशाला आणलंस?”

“तेच सांगायचंय मला,” ती म्हणाली. “भांडं रिकामं परत द्यायचं न्हाय, ही आपली रीत. मला आईनं तसंच शिकवलंय. सकाळी कामं टाकून मी दुकानात रांगेत उभी राहिले, तुमचा डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून. मी हे एकदा केलं. भैरवीला रोज करायला लागायचं.”

मला काय कळंना. “म्हणजे?”

“ती दोघं बँकेतनं दमून यायची, तर दारात तुमची वाटी. तुमच्या हाताला चव लई हाय, ती बी तसंच म्हणाली. पण ती वाटी परत द्यायची म्हणजे त्यात घालायला काय तरी पायजे. रोज काय घालणार? तिला सैपाकच धड येत न्हाय. कधी बिस्किटं, कधी साखर. मग साखरच कितींदा घालायची म्हणून तिला लाज वाटायला लागली. त्यावरनं नवरा-बायकोची भांडणं. शेवटी शेवटी ती कोपऱ्यावर गाडी लावायची, चपला हातात घेऊन जिना चढायची आणि वर गेल्यावर दिवा लावायची न्हाय. तुम्हाला कळू नये म्हणून. इरावती मॅडमचं बी तेच. भडंग संपलं की त्यांना धास्ती वाटायची.”

“आणि ह्यांचा आवाज?”

क्रांती म्हणाली, “काकांच्या आवाजाचं दोघींनी हसून सांगितलं. त्याला कोण कंटाळलं न्हवतं.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे गेटच्या कडीशी चाळा करत होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

उत्तर क्रांतीनंच दिलं. “भैरवीनं जायच्या आधी काकांनाच सांगितलं. काका म्हणाले, माईला कळता कामा नये. माझ्या तोंडामुळं जातोय म्हणून सांगा, मी तशी सोय करतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचं निमित्त करून वरडले.”

आता सगळं लख्ख झालं. ती पुरणपोळ्या लाटणारी म्हातारी, तो जिन्याचा कठडा. हा माणूस माझ्यासाठी वाटी भरून परत देणारं बिऱ्हाड हुडकत हिंडत होता, आणि एजंट नको म्हणत होता ते एवढ्यासाठी की एजंट विचारपूस करणार.

तळपायाची आग मस्तकाला गेली. क्रांतीला म्हटलं, “चल हो बाहेर. माणसाला खायला घालणं गुन्हा झालाय व्हय? आणि तुझे पेढे ने.”

ती हलली न्हाय. पेढे बी घेतले न्हाईत. “जाते. पण घर चांगलं हाय, आठवड्याच्या आत माणूस आणून देते. अट एकच. वर जे राहतील त्यांचा आणि तुमचा संबंध माझ्यातनं. वाटी जायची न्हाय, हाक मारायची न्हाय, काय असंल तर मला फोन. विचार करून सांगा.” आणि गेली.

मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले न्हाय. बोलायला तोंडच कुठं होतं? लाज वाटत होती. राग बी येत होता. भैरवीचा आला, मेली तोंडावर सांगायची की! इरावतीचा आला, क्रांतीचा आला, आणि सगळ्यांत जास्त ह्यांचा आला. गल्लीभर मी ह्या माणसाची बदनामी केली आणि ह्यानं ती ऐकून घेतली. सलूनवाला सुद्धा ह्यांना टोमणे मारायचा, तेव्हा हे नुसते हसायचे.

दुपारभर मला बसवंना. घरात फिरले, अंगणात फिरले. मग जिन्याशी गेले आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, चपला काढल्या. हातात घेतल्या. आणि पायरी पायरी वर चढायला लागले, आवाज न करता. फरशी तापलेली होती. निम्म्यात आले आणि मला ती पोर दिसायला लागली. दिवसभर नोटा मोजून दमलेली, पोटात भूक, आणि स्वतःच्या दारात अशी चोरावानी चढतीय. कुणाला भिऊन? मला. मला भिऊन! मी तिथंच पायरीवर बसले आणि तोंडाला पदर लावला.

खाली येऊन क्रांतीला फोन लावला. “आण माणसं.”

“अट, माई?”

“ऐकलीय मी. बहिरी न्हाय. आण.”

ती शब्दाला पक्की. आठवड्याच्या आत दोघी बहिणी घेऊन आली. एक नर्स, दुसरी शिकणारी. टेम्पोतनं सामान उतरवताना त्या बोलत होत्या आणि मी दाराआड उभी होते. ऐकते तर काय, बोली आमच्या शाहूवाडीची! अगदी माझ्या माहेरचं बोलणं. माझा जीव नुसता वरखाली झाला. उंबऱ्यापर्यंत गेले, कडीला हात घातला. कुठल्या गं तुम्ही, कुणाच्या, एवढंच विचारायचं होतं. क्रांतीनं जिन्यावरनं माझ्याकडं बघितलं. मी कडी सोडली आणि आत आले.

आत येऊन तरी काय करणार? शेगडीवर वांग्याचं कालवण होतं. सवयीनं केलेलं, चौघांना पुरेल एवढं. गॅस बारीक केला. परत मोठा केला. ओटा पुसलेला होता तो परत पुसला. वर पावलं वाजत होती, काय तरी सरकवत होत्या, एकजण हसली. एवढे महिने ज्या आवाजासाठी तडफडले तो डोक्यावर चालला होता, आणि मला तो ऐकवंना.

हे सैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हे कधी तिथं येत न्हाईत. जरा वेळ थांबून पाटावर बसले. त्या दिवसानंतर मी ह्यांच्याशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“मला का सांगितलं न्हाईसा?”

“सांगितलं असतं तर तू वाटी द्यायची थांबली असतीस.”

“मग? थांबायलाच पायजे होतं की!”

“थांबली असतीस,” हे म्हणाले. आवाज अगदी खाली. “आणि मग दिवसभर काय केलं असतंस?”

मला वाटलं होतं मी भांडेन. बरीच भांडणं तयार करून ठेवलेली होती. पण ह्यांनी ते इतकं साधं विचारलं, काळजीनं विचारलं, की माझा राग कुठल्या कुठं गेला आणि दुसरंच काय तरी वर आलं. हा माणूस माझ्यासाठी गल्लीत वाईट झाला. अनोळखी बायकांना सैपाक येतो का विचारून शोभा करून घेतली. माझं घर भरलेलं राहावं म्हणून काय काय केलं. आणि सगळं करून सकाळी रानात गेला, संध्याकाळी रंकाळ्यावर.

“तुमच्याशी बोलले असते,” मी म्हटलं.

हे माझ्याकडं बघत राहिले, जसं काय ही गोष्ट त्यांना कधी सुचलीच न्हवती. वर पोरींनी नळ सोडला. मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर खाली बसले.